आटवलेले पाणी

कोरीट, ता. ८ मार्च १९४७

ती. चुडामणदादा यांस,
प्रमिलाचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. ती आधी दुरुस्त करते. बाळाच्या दुधात घालायचे पाणी दहा मिनिटे उकळून गार करते, असे मी लिहिले होते. तुम्ही तसे सांगितले होते म्हणून तसे लिहून टाकले. खरे असे आहे की मी पहाटे भरलेले पातेले चुलीवर ठेवते आणि ते निम्मे होईपर्यंत उतरवत नाही. दहा मिनिटांत सगळे जंतू मरतात याची मला खात्री वाटत नाही. लाकडे फार जळतात म्हणून सासूबाई बोलतात, आणि त्या लाजेने मी ते तुमच्यापासून लपवले. परवा त्या शेजारणीला म्हणाल्या, "पोऱ्याले पाणी नै, लाकडं पाजी ऱ्हायनी ही."

बाळ आता दोन महिन्यांचे झाले. तळोद्याला आईकडे होते तोवर अंगावर पीत होते आणि चांगले गुलाबी होते. इथे आल्यावर मला हिवताप झाला, दूध आटले, तेव्हापासून गाईचे दूध आणि पाणी समभाग देते. गेले तीन आठवडे त्याचे ओठ आणि नखे निळी दिसतात. रडल्यावर होतात तशी नव्हे. गप्प पडून असले तरीही. ताप नाही, खोकला नाही. नंदुरबारच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि हृदय ठीक आहे म्हणाले.

सासूबाई म्हणतात, विहिरीतल्या जलदेवतांचा, आसरांचा कोप आहे. चार वर्षांपूर्वी नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गोठ्यामागे नवी विहीर खणली तेव्हा आसरांना नैवेद्य राहून गेला म्हणे. म्हणून दर शुक्रवारी त्या विहिरीचे दोन पळ्या पाणी तीर्थ म्हणून बाळाला पाजतात. मी अडवत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेची, रुखमाताईंची, वरच्या दुधावर असलेली पहिली मुलगी याच घरात चाळिसाव्या दिवशी अशीच निळी होऊन गेली. त्यामुळे सासूबाईंच्या डोळ्यांत जी भीती दिसते तिला मी हसू शकत नाही.

ज्या दिवशी बाळ जास्त निळे दिसते त्या दिवशी मी पाणी आणखी आटवते. वस्त्रगाळ करते, तुरटीही फिरवते. आणखी काय करू ते कळवा. हे सुरतेला गिरणीत आहेत, महिन्यातून एकदा येतात. त्यांना घाबरवणारे पत्र लिहायचे धाडस होत नाही.

आपली,
प्रमिला


पुणे, ता. १३ मार्च १९४७

चि. सौ. प्रमिला हिस,
चुडामणचे अ. उ. आ.

तुझी दुरुस्ती वाचली. तुझी चूक पकडायला मास्तरांना कधी संधी मिळाली नाही, कारण तू स्वतःच हात वर करून सांगायचीस. या वेळी त्या सवयीचे मी आभार मानतो.

पण तू एक क्रम उलटा लिहिला आहेस असे मला वाटते. बाळ निळे होते म्हणून तू जास्त आटवतेस, की तू जास्त आटवतेस म्हणून बाळ निळे होते? रागावू नकोस. मला अजून काही ठाऊक नाही. गेल्या वर्षी आमच्या वाचनालयात एक अमेरिकन डॉक्टरी मासिक आले होते. तिथल्या खेड्यांतली तान्ही मुले विहिरीच्या पाण्यावर वाढवली की निळी पडतात, आणि पाणी बदलले की बरी होतात, असे त्यात होते. त्या विहिरी गुरांच्या वाड्याला लागून होत्या.

तीन गोष्टी कळव. विहीर गोठ्यापासून किती पावलांवर आहे? उकिरडा कुठे आहे? गोठ्याच्या भिंतीला किंवा विहिरीच्या बांधकामाला पांढरा लोणा, खाऱ्या पुडीसारखा थर, फुटतो का?

आणि तीन बाटल्या पाठव. एक विहिरीच्या कच्च्या पाण्याची. एक तुझ्या आटवलेल्या पाण्याची. एक दुसऱ्या कुठल्या तरी पाणवठ्याची. चिठ्ठ्या चिकटव. भाऊबंदांपैकी कोणी पुण्याकडे येत असेल त्याच्या हाती दे, टपालात फुटतील.

उत्तर येईपर्यंत पाणी आटवणे थांबव. उकळी आली की उतरव. मी रसायनाचा विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही, हे लक्षात ठेव. बाळ सुस्त झाले किंवा काळे-निळे दिसले तर माझ्या पत्राची वाट न बघता चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात ने.

तुझा,
चुडामण


कोरीट, ता. १९ मार्च १९४७

ती. चुडामणदादा यांस सा. न. वि. वि.

बाटल्या पुण्याला निघालेल्या प्रेमचंदभाऊंच्या हाती पाठवल्या आहेत. तुमच्या प्रश्नांची उत्तरे मी मोजून देते. गोठ्याच्या मागच्या भिंतीपासून विहीर अठरा पावले. उकिरडा नऊ पावले, आणि तो विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. गुरांना पाणी आणि शेताला खत दोन्ही हाताशी असावे म्हणून नानांनी तशी जागा धरली. गोठ्याच्या भिंतीला लोणा इतका फुटतो की शिमग्याला गावातली मुले तो खरवडून होळीत टाकतात आणि तडतडताना बघतात.

विहिरीच्या दगडांवर काही दिसत नाही. पाणी असे नितळ आहे की पाहुणा आला की नाना त्याला आधी विहिरीवर नेतात. "वाकीसन देखा, तळना खडा मोजी ल्या," म्हणतात. आम्ही सगळे चार वर्षे तेच पितो आणि कोणाला काही झाले नाही. हे मी नानांची बाजू म्हणून लिहीत नाही. तुमचा हिशोब चुकू नये म्हणून लिहिते.

आता जी गोष्ट लिहिण्यासाठी मी दोन रात्री झोपले नाही ती.

आमच्या गोठ्यात कालीबाई शेण काढायला येते. ती नाल्यापलीकडच्या भिलाटीतली, भिलांच्या वस्तीतली. सोमवारी तुमचे पत्र आले, त्याच सकाळी तिने मला शेवटचे पातेले आटवताना पाहिले. दारात उभी राहून हसली.

"बाई, सोरा कराले बठनी का व तू?"

मी विचारले, सोरा कसला?

"बंदूकनी दारूना. मन्हा सासरा असाच करे. तुमनाच गोठानी माती ली जाये. तिले पाणीमा भिजाडे, पाणी गाळी ले, नि दिवसभर आटाडत बसे. पाणी उडी जाये, सोरा खाले ऱ्हाये."

"माती गाळून सोरा वेगळा नाही होत?"

"कसा व्हई? तो तं पाणीमा चालना जास. माती फडकामा ऱ्हास, सोरा पाणीना संगे निंघी जास. आटाडं का मंग हाती लागस."

दादा, मी हातातली पळी खाली ठेवली. नंतर ते पातेले रिकामे केले आणि उन्हात धरून पाहिले. तळाशी पांढरी साय धरली होती. रोज मी ती राखेने घासून टाकत होते. चुन्याची आहे असे समजत होते.

तिसरी बाटली कालीबाईने आणून दिली. भिलाटीचे लोक नाल्याच्या वाळूत झिरी खणतात, तिचे पाणी आहे. गढूळ आहे, दोन काड्याही तरंगत होत्या. आमच्या घरात त्या पाण्याने पायसुद्धा धूत नाहीत.

आटवणे बंद केले आहे. निळेपणा थोडा कमी वाटतो, पण तो मला कमी दिसावासा वाटतो म्हणून दिसत असेल.

आपली,
प्रमिला


पुणे, ता. २७ मार्च १९४७

चि. सौ. प्रमिला हिस अ. उ. आ.

कालीबाईच्या सासऱ्याला आमच्या कॉलेजात नेमायला हवे होते. तुझ्या गोठ्यातले रसायन मला पत्र येण्याआधी तिने ओळखले.

काल तिन्ही बाटल्या तपासल्या. पाण्यात हिराकस विरघळवायचा, मग नळीच्या कडेने गंधकाचे तीव्र आम्ल हळूच खाली सोडायचे. पाण्यात नायट्रेट, म्हणजे सोऱ्यातला क्षार, असेल तर दोन्ही थर जिथे भेटतात तिथे तपकिरी कडे उमटते. कालीबाईच्या झिरीच्या पाण्यात काही उमटले नाही. विहिरीच्या पाण्यात स्पष्ट कडे आले. उकिरड्यातले शेणमूत कुजून जो सोरा होतो तो मातीतून तुमच्या विहिरीत झिरपतो आहे. तुझ्या आटवलेल्या पाण्यात आले ते कडे नव्हते, तपकिरी पट्टाच होता. परीक्षेत असा पट्टा आला असता तर मास्तर खूश झाले असते. मी नळी ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

तू गाळत होतीस, तुरटी फिरवत होतीस, तरी ते का गेले नाही ते सांगतो. पाण्याचा कण सरळ साधा नसतो. त्याला दोन बाजू असतात. एकीकडे किंचित धन विद्युत, दुसरीकडे किंचित ऋण. क्षाराचेही दोन भाग असतात, एक धन, एक ऋण. क्षार पाण्यात पडला की पाण्याचे कण आपली योग्य ती बाजू पुढे करून दोन्ही भागांना वेगवेगळे घेरतात आणि एकमेकांपासून ओढून नेतात. काही क्षारांची आपसातली पकड इतकी घट्ट असते की पाण्याला ती सुटत नाही, ते तळाशी बसतात. नायट्रेटची पकड सैल. शिसे आणि चांदी हे धातू, त्यांचे बरेचसे क्षार पाण्यात गाळासारखे खाली बसतात, पण नायट्रेटच्या सोबतीला असले की तेही मुकाट्याने विरघळतात. म्हणून नायट्रेट फडक्यात अडकत नाही आणि तुरटीने खाली बसत नाही. उकळले की वाफ होऊन पाणी एकटे निघून जाते. नायट्रेट मागेच राहते, तेवढेच, पण निम्म्या पाण्यात. तुझे पाणी नितळ होते कारण ते पूर्ण विरघळलेले होते. नितळ म्हणजे शुद्ध, ही समजूत मीसुद्धा आजवर बाळगली.

मोठ्यांना यातून सहसा काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात मात्र त्याचे दुसरे रूप होते आणि रक्त हवा वाहून न्यायचे विसरते, असे त्या मासिकात आहे.

तेव्हा विहिरीचे पाणी बाळाला एक थेंबही नको. तीर्थाचेही नको. झिरीचे पाणी गाळून, दहा मिनिटे उकळून दे. त्यातले जंतू उकळल्याने मरतील. विहिरीतले जे आहे ते उकळल्याने मरत नाही.

तू स्वतःला दोष देशील हे मला ठाऊक आहे. उकळायला पहिल्यांदा मी सांगितले होते.

तुझा,
चुडामण


कोरीट, ता. ३ एप्रिल १९४७

ती. चुडामणदादा यांस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र सोमवारी पोचले. त्या दिवसापासून कालीबाई गवताच्या पाटीत, पेंढीखाली, एक लोटा घेऊन येते. मी तो न्हाणीत गाळते आणि माझ्या खोलीतल्या शेगडीवर उकळते. सासूबाईंना सांगितले की शेगडीला लाकडे लागत नाहीत. त्या म्हणाल्या, "आते कशी अक्कल उनी." मी काही बोलले नाही, आणि न बोलणे हेही खोटेच होते.

आज चौथा दिवस. ओठ गुलाबी आहेत. मी नखे तीन वेळा उजेडात धरून पाहिली. काल तो पहिल्यांदा कालीबाईकडे बघून हसला. ती म्हणाली, "मन्हा पाणीले वळखी ऱ्हायना." मग दचकून तिने मागे पाहिले, कोणी ऐकले का म्हणून.

शुक्रवारच्या तीर्थाचे काय करायचे ते कळत नाही. उद्याच शुक्रवार आहे. बाळ झोपले आहे म्हणून टाळीन.

आपली,
प्रमिला


पुणे, ता. ८ एप्रिल १९४७

चि. सौ. प्रमिला हिस अ. उ. आ.

तुझे पत्र मी खानावळीत मोठ्याने वाचले आणि वाढप्याने मला जादा भाकरी दिली, कारण न विचारता. तुझ्या लेकाचे पहिले हसू तुला न मिळता कालीबाईला मिळाले, हे मात्र तुला माझ्यासमोर कबूल करावे लागेल.

आता माझे ऐक. यंदा आखाजीची अक्षय्य तृतीया तेवीस तारखेला आहे. आखाजीला लेकीला माहेरी न्यायला आलेल्या भावाला कोणी नाही म्हणत नाही. मी वीस-एकवीसला कोरीटला येतो आणि तुला नि बाळाला तळोद्याला पोचवतो. तिथे तो वर्षाचा होईपर्यंत राहा. काही तरी कारण काढू. तोवर लोटा पेंढीखाली येऊ दे.

नानांना काही सांगू नकोस. रुखमाताईंची मुलगी त्या पाण्याने गेली असेल, हे ऐकून त्यांना काय मिळेल? ती परत यायची नाही. म्हाताऱ्याने चार वर्षे पाहुण्यांना जी विहीर दाखवली, तीच त्याच्या गळ्यात बांधायची का? आणि तू किती पाणी आटवलेस हे तर कोणालाच कळायला नको. घरात ते आयुष्यभर तुला ऐकवतील. पंधरा दिवस गप्प राहा. त्यात कोणाचे वाईट होत नाही.

तुझा,
चुडामण


कोरीट, ता. १३ एप्रिल १९४७, रविवार

ती. चुडामणदादा यांस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र काल आले. त्याच्या दोन दिवस आधीच लोटा सापडला होता.

गुरुवारी पेंढी सोडायला सासूबाई स्वतः गेल्या. मी पोचले तेव्हा लोटा त्यांच्या हातात होता आणि कालीबाई भिंतीला टेकून उभी होती. सासूबाईंनी तिला विचारले, "हाई काय शे?" मग मला विचारले. मी म्हणाले, बाळासाठी पाणी आहे.

"कथाईन?"

"झिरीचे."

त्यांनी लोटा उकिरड्यावर उपडा केला. "घरमा काचनामायक नितळ पाणी शे नि मन्हा नातूले भिलाटीनं पाजस? आसरा आधीच कोपेल शेतस." कालीबाईला म्हणाल्या, "आते येऊ नको." कालीबाईने पाटी उचलली. जाताना माझ्याकडे पाहिलेही नाही, आणि ते बरोबरच होते. मी तिच्या बाजूने एक शब्द बोलले नव्हते.

त्या दिवसापासून मी बाळाला शेळीचे निर्भेळ दूध चमच्याने देते आहे, पाणी न घालता. पण ऊन असे आहे की त्याची जीभ कोरडी पडते आणि रडून रडून त्याचा आवाज बसतो. शुक्रवारी मी कपडे वाळत घालायला गेले तेवढ्यात सासूबाईंनी त्याला तीर्थ पाजले, आणि तहानलेले आहे म्हणून वर वाटीभर पाणी पाजले, कापसाच्या बोळ्याने, मांडीवर घेऊन, गाणे म्हणत. कालही पाजले. काल संध्याकाळपासून ओठ पुन्हा निळे आहेत. आज सकाळी नखेही.

दादा, तुम्ही लिहिता की गप्प राहण्यात कोणाचे वाईट होत नाही. मी हे वाक्य पुष्कळदा वाचले. सासूबाईंनी ते पाणी वैराने पाजले नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले नव्हते. मी जेव्हा आटवत होते तेव्हा मला ठाऊक नव्हते, म्हणून त्या दिवसांसाठी मी एखादे वेळी स्वतःला माफ करीन. परवा आणि काल जे त्याच्या पोटात गेले ते मला ठाऊक असताना गेले.

आणखी एक. रुखमाताईंना पुन्हा दिवस गेले आहेत. आखाजीला त्या इथे येणार आणि बाळंतपणाला इथेच राहणार. हे मला काल सासूबाईंकडून कळले. मी तळोद्याला निघून गेले तर माझे बाळ वाचेल, आणि ही विहीर इथेच राहील.

नाना शहाद्याला लग्नाला गेले आहेत, आज दिवे लागायच्या सुमारास परततील. आजची रात्र बाळ माझ्याच मांडीवर राहील. आज सकाळपासून मी त्याला सासूबाईंच्या हाती दिलेले नाही. त्या जेवल्या नाहीत. मी सुस्ती येते का ते दर तासाला बघते. तशी आली तर नानांचीही वाट बघणार नाही, बैलगाडी जुंपायला लावीन.

नाही आली, तर सकाळी उजाडल्यावर मी स्वतः घागर घेऊन नाल्यावर जाईन. आधी भिलाटीत कालीबाईच्या दारी जाईन आणि तिची माफी मागेन. मग तिला विचारून पाणी भरीन आणि गावातल्या मोठ्या वाटेने, सगळे बघत असताना, परत येईन. ओसरीवर नाना चहा घेत असतील. त्यांच्यासमोर पाणी उकळीन आणि बाळाला पाजीन. नंतर सगळे सांगेन. उकिरडा, लोणा, तुमचे तपकिरी कडे. रुखमाताईंच्या मुलीचे नाव मी घेणार नाही, पण नानांनी विचारले तर हो म्हणेन. मी किती आटवले तेही सांगेन, आणि ते आधी सांगेन. म्हणजे विहिरीने जे केले ते मीही केले, हे त्यांना विहिरीचे ऐकण्याआधी कळेल. दोष एकट्या त्यांच्या दारात ठेवून बोलले तर ते ऐकणार नाहीत, आणि ते खरेही नाही.

ते ओरडतील. कदाचित नाही ओरडणार, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. त्यांनी झिरीचे पाणी घरात येऊ दिले नाही तर मी बाळाला घेऊन नंदुरबार स्टेशनवर जाईन आणि मिळेल त्या गाडीने चिंचपाड्याला. ह्यांना सुरतेला वेगळे पत्र लिहून ठेवले आहे. त्यातही काही लपवले नाही.

आखाजीपर्यंत थांबू नका. तुमचा तपासणीचा कागद आणि ते मासिक घेऊन लगेच निघा. रुखमाताई येण्याआधी तुम्ही इथे असायला हवे. पण हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा माझे सांगून झालेले असेल. म्हणून दिवस लिहून ठेवते, पुढे मी तो मागेपुढे करून सांगू नये यासाठी.

उद्या सकाळी. सोमवार, ता. १४ एप्रिल.

आपली,
प्रमिला